डोक्यात न ठेवता कामं कशी उरकायची? एक्झिक्युटिव्ह फंक्शनसाठी रोजचे उपाय सांगा

रविनगर_चौक
माणूस हुशार असतो, काम कसं करायचं हे त्याला माहीत असतं, करायची इच्छाही असते. तरी काम सुरू होत नाही. सुरू झालं तर मधेच दुसरं काहीतरी हाती येतं. 'दहा मिनिटांत होईल' म्हटलेल्या कामाला तास लागतो. लाइट बिलाची तारीख उलटल्यावर आठवते. या सगळ्याला हल्ली एक्झिक्युटिव्ह फंक्शनमधली अडचण म्हणतात.

'शिस्त लावा', 'पहाटे उठा', 'सकारात्मक राहा' छाप प्रवचनं नेटवर ढिगाने आहेत, ती इथे नकोत. घरात, ऑफिसात, मुलांच्या बाबतीत नेमकं काय करायचं, कुठे लावायचं, किती वेळ करायचं आणि ते फसतं कुठे, तेवढंच लिहा.

मानसी_ओटी
चांगला विषय. आधी बिघाड कुठे आहे ते बघा, नाहीतर गुडघेदुखीवर डोळ्यांचे थेंब टाकल्यासारखं होतं.

यात मुख्य तीन गोष्टी धरतात. चालू कामापुरती माहिती डोक्यात धरून ठेवणं, म्हणजे वर्किंग मेमरी. मनात आलं की लगेच न करणं, म्हणजे आवर. आणि एका कामातून सुटून दुसऱ्याकडे वळता येणं, म्हणजे लवचिकता. नियोजन, वेळेचा अंदाज, कामाला हात घालणं हे सगळं या तिघांवर उभं असतं.

आठवडाभर फक्त नोंद ठेवा, सुधारणा काही करू नका. काम अडलं की एक शब्द लिहायचा. मधेच विसरलं तर 'विसर', भलतंच सुरू केलं तर 'ओढ', आधीचं सोडवत नव्हतं तर 'चिकट', सुरूच झालं नाही तर 'सुरुवात'. आठवड्याअखेर जो शब्द जास्त वेळा आलाय, उपाय त्याचाच शोधायचा.

वर्किंग मेमरीची कुवत मुळातच तुटपुंजी आहे. 1956 मध्ये जॉर्ज मिलरने मांडलेला 'सात, अधिक-उणे दोन' हा आकडा प्रसिद्ध आहे, पण 2001 मध्ये नेल्सन कोवनने केलेल्या मांडणीनुसार एका वेळी साधारण चारच गोष्टी धरता येतात. त्यामुळे 'लक्षात ठेवीन' हा बेतच कच्चा.

तर्रीबाज
चारच? मंग बरोबर आहे. पोहे, तर्री, चना, वरून कांदा. पाचवं काम डोक्यात येऊनच नाही राहिलं.

बुटीबोरी_शिफ्ट
मानसीताईंच्या 'विसर'वर कारखान्यातला उपाय म्हणजे चेकलिस्ट. ती उगम पावली विमानातून. 30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299 उड्डाण करताच कोसळलं. सुकाणूंचं लॉक काढायचं राहून गेलं होतं आणि वैमानिक मुरलेला होता. त्यानंतर वैमानिकांसाठी छापील यादी आली. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी काढलेली यादीही याच जातीची. 19 मुद्दे, पण तीन थांब्यांवर वाटलेले. भुलीच्या आधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी.

घरी यातून घ्यायचं ते 'थांबा'. यादी फ्रिजवर लावू नका. जिथे चूक होते तिथेच लावा. बाहेर पडतानाची यादी दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर. मुद्दे जास्तीत जास्त पाच. प्रत्येकात क्रियापद हवं. 'गॅस' असं लिहू नका, 'सिलिंडरचं बटण बंद करा' असं लिहा. क्रम हात जसे फिरतात तसा, म्हणजे स्वयंपाकघरापासून दाराकडे. पहिले पंधरा दिवस साध्या कागदावर पेन्सिलने. लगेच लॅमिनेट केली की चुकीचा क्रमही पक्का होतो.

फसते कुठे? काही दिवसांनी डोळ्यांना कागद दिसेनासा होतो. जपानी रेल्वेचे कर्मचारी सिग्नलकडे बोट करून तो मोठ्याने उच्चारतात, तसं करा. मुद्द्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं. शेजारी हसतील, हसू द्या.

धरमपेठ_१०
क्षमस्व, पण या सगळ्या कुबड्या आहेत. याद्या लावून मेंदू आळशी होतो. स्नायू व्यायामाने वाढतो तसा मेंदूही वाढतो. सुडोकू, बुद्धिबळ, मेमरी गेम्सची ॲप्स. रोज 20 मिनिटं करा, यादी लागणारच नाही.

मानसी_ओटी
@धरमपेठ_१० हे तपासून झालंय. 2010 मध्ये एड्रियन ओवेनच्या गटाने 11,430 लोकांना सहा आठवडे संगणकावरचे मेंदूचे खेळ खेळायला लावले. खेळात लोक तरबेज झाले, पण न शिकवलेल्या, अगदी जवळच्या चाचण्यांतही त्याचा फायदा दिसला नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लुमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला याच प्रकारच्या दाव्यांसाठी 20 लाख डॉलर भरायला लावले. सुडोकू खेळा, मजा येते. सुडोकूने सुडोकू सुधारतो.

शरीराकडून मदत होते ती पुरेशी झोप आणि घाम येईल असा नियमित व्यायाम यांची. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात रात्र उकाड्यात गेली की दुसऱ्या दिवशी आवर आणि वर्किंग मेमरी दोन्ही ढासळतात. त्या दिवशी किचकट कागदपत्रं काढू नयेत, उरलेली किरकोळ कामं करावीत.

धरमपेठ_१०
बरं, ॲपचं मान्य. पण मुलांचं काय? त्यांनाही दारावर कागदच चिकटवायचा का जन्मभर?

हिंगणा_मास्तर
जन्मभर नाही. आधार द्यायचा तो काढून घेण्यासाठीच, आणि काढायचा टप्प्याटप्प्याने. इथेच पालक चुकतात. एकतर दहावीपर्यंत दप्तर स्वतः भरतात, नाहीतर पाचवीत एके दिवशी 'आता तुझं तू बघ' म्हणून मोकळे होतात.

दप्तराचंच घ्या. पहिला टप्पा: बरोबर भरलेल्या दप्तराचा आणि डब्या-बाटलीचा फोटो, छापून दप्तर ठेवतो त्या कोपऱ्यात. मूल फोटोशी जुळवून भरतं, मोठं माणूस शेजारी उभं, पण हात मागे. दुसरा: फोटोच्या जागी पाच शब्दांची यादी. तिसरा: यादी गेली, फक्त एक प्रश्न, 'काय राहिलं?' 'पाणी बाटली घे' म्हटलं की विचार आपण केला, मुलाने फक्त हमाली केली. चौथा: प्रश्नही बंद, आठवड्यातून एकदा तपासणी. एका टप्प्यावर सलग आठवडाभर जमलं तरच पुढे, घसरलं तर एकच पायरी मागे.

दप्तर रात्रीच भरायचं. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते तेव्हा पहाटेच्या घाईत कोणाचंच डोकं चालत नाही, मुलाचं तर नाहीच. हे सगळं सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. त्यामुळे आठवीतल्या मुलाला 'एवढा मोठा झालास तरी' हे ऐकवून काही हाती लागत नाही.

आवरासाठी लहानांना 'शिवाजी म्हणतो' आणि 'चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड' खेळवा. प्रयोगशाळेत जी 'करा/थांबा' चाचणी घेतात ती जवळपास हीच. यानं गणितात मार्क वाढतील असं मात्र कोणाला सांगू नका, मानसीताई लगेच 11,430 लोक घेऊन येतील.

तर्रीबाज
आमच्या ऑफिसात 'म्हैस उड' म्हटलं तरी अर्धे हात वर जातात, सर.

वर्धा_रोड
'सुरुवात' आणि 'ओढ' या दोन्हींवर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जर-तर वाक्य. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाची कल्पना. 2006 मध्ये त्याने आणि शीरनने 94 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नुसत्या 'मी करणार' या निश्चयापेक्षा याचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला.

वाक्य बनवण्यातच सगळं आहे. 'वेळ मिळाला की' हा संकेत नाही. संकेत दिसला किंवा ऐकू आला पाहिजे आणि रोज ठरल्या जागी घडला पाहिजे. 'कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करून तिथेच उभ्याने उद्याच्या डब्याची भाजी फ्रिजमधून वर काढीन.' हे चालतं. 'संध्याकाळी डब्याची तयारी करीन' हे चालत नाही.

दुसरी चूक म्हणजे नकार. 'काम करताना फोन बघणार नाही' या वाक्यात फोनच घोळत राहतो. त्याऐवजी हाताला दुसरं काम द्या: 'फोनकडे हात गेला की तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावून येईन.' चार्जर तिथेच कायमचा ठेवा, टेबलाजवळ दुसरा चार्जर नको. एका वेळी दोन, फार तर तीन वाक्यं. दहा केली की एकही राहत नाही.

काकू_प्रतापनगर
सगळं वाचलं. छान आहे. पण घरोघरी खरं काय चालतं? चार माणसांच्या घरात एकच बाई सगळ्यांची वर्किंग मेमरी असते. 'माझे मोजे कुठे', 'फी भरायची तारीख कधी', 'बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या का'. मग तिचं दूध उतू गेलं की 'लक्ष कुठे असतं तुझं'.

यावर एकच तोडगा चालतो. काम वाटताना नुसतं 'करणं' वाटू नका. लक्षात येणं, ठरवणं आणि करणं, तिन्ही एकाच माणसाकडे द्या. 'सांग, मी आणून देतो' म्हणणारा मदत करत नाही, तो फक्त पाय वापरतो.

गॅसचं उदाहरण. नियम असा: जो रिकामं सिलिंडर काढून नवीन लावतो, त्याने रेग्युलेटरवरून हात काढायच्या आत फोनवरून पुढचं बुकिंग करायचं. दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही, कुठे लिहायचं नाही. लक्षात ठेवायचं कामच उरत नाही. गोळ्यांचंही तसंच. शेवटची पट्टी उघडणारा मागवणार, आणि त्या पट्टीला आधीच रबरबँड लावून ठेवायचं.

बुटीबोरी_शिफ्ट
काकू, +१००. आमच्या स्टोअरमध्ये याच तत्त्वावर माल मागवतात. ठरावीक पातळीला कार्ड लावलेलं असतं, कार्ड हाताला आलं की ऑर्डर. तुमचं रबरबँड म्हणजे तेच.

झिरो_माईल
वेळेच्या अंदाजावर कोणीच लिहिलं नाही. 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज 33.9 दिवस, प्रत्यक्षात लागले 55.5. 'सगळं वाईटात वाईट झालं तर?' यावरचं उत्तरही 48.6 दिवसच होतं. म्हणजे वाईटाचा अंदाजही आपण गोडच करतो. म्हणून अंदाज करूच नका, मागचा हिशोब बघा. नेहमीच्या पाच कामांना लागलेला खरा वेळ प्रत्येकी तीनदा लिहा आणि तिन्हींत सर्वांत मोठा आकडा धरा.

आणि उलटं मोजा. गाडी रात्री 8:30 ची. फलाटावर 8:10. स्टेशनच्या दारात 8:00. ऑटोत 30 मिनिटं, म्हणजे ऑटोत बसणं 7:30. ऑटो मिळणं 10 मिनिटं, 7:20. कुलूप, चपला, गॅस, पुन्हा एकदा बाथरूम, 10 मिनिटं, 7:10. तर तुमची खरी वेळ 7:10 आहे. गजर 7:10 चा लावा आणि दुसरा 6:55 चा, 'हातातलं थांबवा' एवढ्याचसाठी. लोक 8:30 डोक्यात ठेवतात आणि 7:40 ला शर्टाला इस्त्री करत असतात.

नागपूर स्टेशनात पश्चिमेकडच्या दारातून शिरायचं की संत्रा मार्केटकडून, हे घरीच ठरवा. ऑटोत बसल्यावर ठरवलं की ती 10 मिनिटं गेली.

रविनगर_चौक
भारी चाललंय. मोठ्या कामाचे तुकडे कसे पाडायचे, ते एखाद्या खऱ्या कामावर कोणी दाखवेल का? 'छोटे तुकडे करा' सगळेच सांगतात.

बुटीबोरी_शिफ्ट
मार्च आलाच आहे, कूलर घेऊ.

यादीत 'कूलर लावणे' असं लिहिलेलं असतं म्हणून तो होळी उलटली तरी गच्चीवर पडून राहतो. हे एक काम नाही, त्यात आठ-नऊ कामं आहेत. पहिली कृती अशी लिहा की उठल्या उठल्या हात लागेल: 'गच्चीवर जाऊन प्लास्टिक काढणे.' बस.

क्रमही महत्त्वाचा. बहुतेक जण आधी ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावायचे गवताचे पडदे, आणायला बाजारात जातात. माप नसतं म्हणून अंदाजाने आणतात, घरी आल्यावर बसत नाहीत. नव्या ताट्या बसवून झाल्यावर पंप लावून बघतात, तो बंद असतो, पुन्हा बाजार. म्हणून बाजाराच्या आधीची आणि नंतरची अशा दोन याद्या करा.

आधी: प्लग काढलेला आहे ना बघणे. तिन्ही ताट्यांच्या चौकटीची लांबी-रुंदी टेपने मोजून फोनमध्ये फोटो. पंप काढून बादलीभर पाण्यात बुडवून चालवून बघणे (कोरडा चालवू नका, जळतो). पंखा हाताने फिरवणे, अडखळतो किंवा खरखरतो का. फ्लोट वर उचलल्यावर पाणी थांबतं का. वायर कुठे सोललेली आहे का, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग शाबूत आहे का. जे नापास ते बाजाराच्या यादीत. अशी एकच फेरी होते.

नंतर: टाकी घासणे. वरच्या पन्हळीची भोकं तारेने मोकळी करणे. हे राहिलं की ताटी एका बाजूला कोरडी राहते आणि लोक पंपाला दोष देतात. ताट्या, पंप, पाणी, मग प्लग.

अर्थिंगची परीक्षा टेस्टरने होत नाही, ती इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि रोज पाणी भरताना प्लग काढूनच. हा मुद्दा कूलरवरच चिकटवा, दारावर नको.

पुणेकर_पाहुणा
अवांतर: वाळ्याच्या ताट्या चांगल्या की साध्या?

काकू_प्रतापनगर
वाळ्याचा वास छान, पण महाग. साध्या गवताच्या दर उन्हाळ्यात बदलायच्या. पुण्यात कूलर लागतो?

पुणेकर_पाहुणा
लागत नाही, म्हणूनच विचारलं.

तर्रीबाज
धागा एक्झिक्युटिव्हचा, निघाला कूलरचा. यालेच 'ओढ' म्हणते का मानसीताई?

मानसी_ओटी
हो, आणि परत येण्याची युक्ती सांगते. काम मधेच सोडावं लागलं, फोन आला, दारावर कोणी आलं, तर उठण्याआधी एक ओळ लिहायची: पुढची कृती काय. 'पान 4, तिसरा रकाना, बेरीज तपासणे.' सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामात मनाचा काही भाग अडकून राहतो आणि पुढचं काम त्याने मंदावतं. ती ओळ लिहायला 15 सेकंद लागतात. 'कुठवर आलो' हे लिहू नका, त्यावरून परत सुरुवात करायला पुन्हा विचार करावा लागतो.

'चिकट' प्रकाराला गजर एक पुरत नाही. झिरो_माईल यांनी सांगितलेला आधीचा गजर त्यासाठीच. मुलांना तर 'पाच मिनिटं' या शब्दांचा उपयोगच नाही. मागे सरकणारा काटा दिसेल असा किचन टायमर समोर ठेवा.

डॉ_अजनी
एक गोष्ट राहतेय. हे सगळे उपाय सर्वांना उपयोगी आहेत, पण अडचण लहानपणापासून असेल, घरी आणि शाळेत किंवा नोकरीत दोन्हीकडे असेल आणि त्याने नुकसान होत असेल, तर एडीएचडीची (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) तपासणी करून घ्यावी. निदानाच्या निकषांत लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असणं अपेक्षित आहे. 17 वर्षं आणि त्यावरील व्यक्तीसाठी लक्ष नसण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी पाच लक्षणं धरतात, मुलांसाठी सहा. नेटवरच्या प्रश्नावलीवरून स्वतःच निदान करू नका.

आणि जर आधी सगळं नीट होतं, अलीकडेच बिघडलं असेल, तर थायरॉइड, बी12, हिमोग्लोबिन, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, चालू असलेली औषधं हे आधी बघतात. नागपुरात मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानच्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहेत. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

धरमपेठ_१०
यादी ही कुबडी, हे विधान मागे घेत नाही, पण काकूंच्या सिलिंडरच्या नियमाला यादी म्हणता येत नाही. तो पटला.

रविनगर_चौक
सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्न उरलाच: एवढ्यातून सोमवारी सुरू काय करायचं? सगळं एकदम केलं तर बुधवारी बंद पडणार.

वर्धा_रोड
मानसीताईंची आठवड्याची नोंद. त्यातून जो शब्द येईल त्याचं एकच जर-तर वाक्य. 21 दिवसांत सवय लागते यावर जाऊ नका. फिलिपा लॅली यांच्या 2010 च्या अभ्यासात मधला आकडा 66 दिवस आला, आणि माणसागणिक पसारा 18 पासून 254 पर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही, हेही त्यात आहे. त्यामुळे चुकलं की सगळं सोडून देण्याचं कारण नाही.

हिंगणा_मास्तर
आणि पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांवर विसंबू नका. आपल्याकडे मार्च ते जून कूलरच्या दमट हवेने त्या सुटतात आणि पंख्याने पलंगाखाली जातात. चिमट्याची पाटी किंवा छोटा पांढरा बोर्ड घ्या. मार्कर सुतळीने बोर्डाला बांधा, नाहीतर तिसऱ्या दिवशी नाहीसा होतो.

तर्रीबाज
सुतळी आणायची आहे हे कशावर लिहू सर?

हिंगणा_मास्तर
हातावर.